रेड हाऊस, बेक्सलीहीथ: या लाल विटांच्या घरात नेमकं काय पाहायचं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आम्ही केंटमध्ये डार्टफर्डला राहतो. जूनमध्ये आई-बाबा येताहेत. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झाले, उभं आयुष्य बांधकामात गेलं. राजवाडे दाखवले तर झुंबरं आणि गालिचे बघून अर्ध्या तासात कंटाळतात, पण कुठे जुन्या छपराच्या तुळया उघड्या दिसल्या की मान वर करून उभे राहतात. म्हणून यंदा त्यांना जवळचंच रेड हाऊस दाखवावं असं मनात आहे. वॉलपेपर आणि कापडांच्या नक्षीसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम मॉरिसने फिलिप वेब या आर्किटेक्टकडून १८५९-६० मध्ये बांधून घेतलेलं घर.

मागच्या रविवारी मी नुसती बाहेरून चक्कर मारून आले. चहूबाजूंनी नेहमीची उपनगरी जोडघरं आणि मधेच भिंतीआड हे लाल विटांचं, उंच उतरत्या कौलांचं घर. मला तर ते एखाद्या चर्चच्या पाद्रीबुवांचं घर किंवा जुनी शाळा वाटलं. नक्षी नाही, खांब नाहीत, काही नाही. आणि हे म्हणे ग्रेड वन, म्हणजे संरक्षित इमारतींमधला सर्वांत वरचा दर्जा! इंग्लंडमधल्या एकूण संरक्षित इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के इमारतींना तो दर्जा मिळतो असं वाचलंय.

तर प्रश्न असा की या घरात एवढं काय आहे? आणि बांधकामातल्या माणसाला तिथे नेलं तर कुठे थांबायला सांगावं? वॉलपेपरबद्दल नेटवर ढीगभर मिळतं, मला घराबद्दल हवंय.

सोनचाफा

आम्ही गेल्या शरद ऋतूत जाऊन आलो. प्रामाणिकपणे सांगते, माझी थोडी निराशा झाली. मॉरिस म्हटल्यावर भिंतीभर वेली, पडदे, गालिचे असं डोळ्यांसमोर होतं. प्रत्यक्षात खोल्या बऱ्याच मोकळ्या. मूळचं सामान थोडंच उरलंय, बाकी कुठे कुठे गेलेलं. मुलं तर वीस मिनिटांत बागेत पळाली. बाग मात्र सुंदर आहे, सफरचंदाच्या झाडांखाली बसून डबा खाल्ला.

मॉरिसची सजावट बघायची असेल तर ससेक्समधलं स्टँडन बघा. तेही फिलिप वेबचंच, १८९० च्या दशकातलं, एका लंडनच्या सॉलिसिटरसाठी बांधलेलं. तिथे खोलीखोलीत मॉरिसचे कागद आणि कापडं आहेत. आई-बाबांना तिथे जास्त आवडेल असं मला वाटतं.

चुनखडी

सोनचाफा म्हणतात ते खरं आहे, स्टँडन भरलेलं आहे आणि बघावंच. पण पाऊलवाट, तुमच्या बाबांसाठी मी रेड हाऊसच सांगेन, आणि ते मोकळं आहे म्हणूनच सांगेन. सामान हललं की भिंती बोलायला लागतात. मी मूळची साताऱ्याची, इथे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, हात बहुतेक वेळ विटा आणि चुन्यातच असतात. हे घर माझं फार लाडकं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी थोडं मागचं. मॉरिस आणि वेब यांची गाठ पडली १८५६ मध्ये, ऑक्सफर्डला जी. ई. स्ट्रीट या आर्किटेक्टच्या ऑफिसात. मॉरिस शिकाऊ, वेब तिथला मुख्य सहायक. मॉरिसचं आर्किटेक्चर काही महिन्यांत सुटलं, मैत्री जन्मभर टिकली. १८५८ च्या उन्हाळ्यात दोघं आणि त्यांचा मित्र फॉकनर फ्रान्समध्ये सीन नदीतून होडीने फिरत होते, तिथे या घराचा विषय निघाला आणि प्रवासी मार्गदर्शकातल्या नकाशाच्या मागे वेबने पहिलं रेखाटन केलं. पुढच्या एप्रिलमध्ये मॉरिसचं जेन बर्डनशी लग्न झालं. ती ऑक्सफर्डमधल्या तबेल्यात काम करणाऱ्या माणसाची मुलगी. मॉरिस पंचविशीचा, वडिलांमागे आलेले तांब्याच्या खाणीचे शेअर्स हाताशी, त्यामुळे पैशाची चिंता नाही. वेब अठ्ठावीसचा, आणि स्वतःच्या नावावरचं हे त्याचं पहिलं घर. जागा निवडली ती अप्टन नावाच्या वाडीतली फळबाग. कँटरबरीला जाणाऱ्या जुन्या यात्रेकरूंचा रस्ता तिथून जवळ, याचं मॉरिसला भारी अप्रूप होतं. मागच्या बाजूच्या ओसरीला त्याने ‘यात्रेकरूंचा विसावा’ असंच नाव दिलं.

आता तुमचं ‘पाद्रीबुवांचं घर’. तुमची नजर अगदी नेमकी पडली आहे. स्ट्रीट आणि त्याच्या आधी विल्यम बटरफील्ड यांनी खेडोपाडी पाद्र्यांची घरं आणि शाळा बांधल्या त्या याच पद्धतीने: उघडी वीट किंवा तिथला दगड, उंच छप्पर, आणि खिडकी जिथे आत गरज असेल तिथे. वेब हेच शिकून बाहेर पडला होता. रेड हाऊसला ‘पहिलं आधुनिक घर’ म्हणायची पुस्तकांमधून पद्धत आहे, मला ते पटत नाही. रीत आधीपासून होती. नवीन काय होतं, तर पैसेवाल्या तरुणाने स्वतःच्या संसारासाठी ती निवडली. त्या काळी बऱ्या घरच्या माणसाचा बंगला म्हणजे विटेवर गिलावा चढवायचा, त्यावर रेघा मारून दगडाचा आव आणायचा आणि दर्शनी बाजूला खिडक्या डावी-उजवी सारख्या मांडायच्या, मग आत एखादी खिडकी जिन्याला आडवी का येईना. मॉरिस आणि वेबला हा खोटेपणा सहन होत नव्हता. वीट आहे ना, मग वीट दिसू दे, एवढं साधं म्हणणं. पण ते पाळायला धैर्य लागतं, कारण गिलाव्याखाली गवंड्याचं सगळं झाकतं आणि उघड्या विटेत एक ओळ चुकली तरी जन्मभर दिसते.

बाबांना थेट आत नेऊ नका. आधी बागेत, विहिरीपाशी उभं करा. घर इंग्रजी एल अक्षरासारखं काटकोनात आहे आणि त्या काटकोनात ही विहीर, चौकातल्या आडासारखी, जाड लाकडी खांबांवर कौलांची उंच निमुळती टोपी घातलेली. तिथून घराचे दोन्ही हात दिसतात. बाबांना सांगा, आत कुठे काय असेल ते इथूनच ओळखा. कोपऱ्यात उंच गेलेला भाग जिन्याचा. वरच्या मजल्यावर ओळीने गोल खिडक्या आहेत, तो बोळ: तिथे कुणी बसत नाही, चालण्यापुरता उजेड हवा, म्हणून गोल आणि लहान. खोल्यांच्या खिडक्या मोठ्या. आतल्या कामाप्रमाणे खिडकीचा आकार बदललाय, आणि तरीही भिंत विस्कटलेली दिसत नाही. हे जमवणं किती अवघड आहे ते नकाशे काढलेल्या माणसाला लगेच कळेल.

मग जवळ जाऊन एकाच खिडकीकडे बघा. वर टोकदार कमान आहे, चर्चला असते तशी, पण खिडकी तशी टोकदार नाही. कमानीच्या पोटात भिंत थोडी आत घेतली आहे आणि तिच्यात साधी, पांढऱ्या रंगाची, वर-खाली सरकणारी खिडकी बसवली आहे. टोकदार कमान वरच्या विटांचा भार दोन्ही बाजूंना उतरवते. खालच्या चौकटीवर त्यामुळे ओझं येत नाही, ती उघडझाप करायला मोकळी. कट्टर गॉथिकवाल्यांनी, म्हणजे मध्ययुगीन चर्चच्या टोकदार शैलीच्या भक्तांनी, तिथे शिशाच्या पट्ट्या ओतलेली रंगीत काचेची खिडकी घातली असती आणि घरच्यांना ती उघडता आली नसती. वेबने दोन जमान्यांचं चांगलं ते घेतलं आणि कुठेही झाकलं नाही. मी स्वतः त्या एका खिडकीपुढे कितीही वेळ उभी राहू शकते.

झाडांचंही सांगते. घर बसवताना बागेतली शक्य तितकी झाडं वाचवली. वेबच्या मूळ नकाशांवर कुठल्या भिंतीवर कुठला वेल चढवायचा, म्हणजे गुलाब, जाई, कृष्णकमळ, हेसुद्धा लिहिलेलं आहे. शरदातल्या उबदार रात्री उघड्या खिडक्यांतून सफरचंदं आत पडत, अशी आठवण मॉरिसच्या चरित्रात आहे.

आत गेल्यावर जिना. ओकचा, आणि त्याचे कठड्याचे खांब वर निमुळते होत उंच गेलेले. पायऱ्यांच्या खाली जाऊन वर बघा. खालून फळ्या मारून झाकलेला नाही, पायरी कशी बसवली आहे ते उघडं दिसतं. तुमच्या बाबांसारखी माणसं तिथून हलत नाहीत.

आणि मग मान आणखी वर, छताकडे. हे बहुतेक लोक बघतच नाहीत. छतावर रंगवलेली भौमितिक नक्षी आहे. गिलावा ओला असतानाच त्यात नक्षीच्या रेषांवर बारीक टोचे मारून ठेवलेत, गिलावा वाळल्यावर त्या टोच्यांच्या आधाराने रंग भरायचा म्हणून. रंग विटला तरी नक्षी हरवत नाही, कारण ती गिलाव्यातच आहे. उजेड तिरपा असला की ते टोचे स्पष्ट दिसतात. गवंडी, चित्रकार आणि घरमालक एका वेळी एका शिडीवर असल्याशिवाय असं काम होत नाही, ओला गिलावा कुणासाठी थांबत नाही.

वरच्या बैठकीच्या खोलीत शेकोटीकडे नीट बघा. घरातली सर्वांत मानाची खोली, आणि शेकोटी संगमरवराची नाही, उघड्या विटेची, जमिनीपासून थेट वर चढत गेलेली. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की कला दीर्घ आहे, आयुष्य थोडं आहे. त्याच खोलीत एक अवाढव्य लाकडी बाक-कपाट आहे, मॉरिसने लंडनच्या भाड्याच्या खोल्यांमधून आणलेलं. वेबने त्याच्या डोक्यावर सज्जा बांधला आणि शिडी लावली, म्हणजे सज्जात उभं राहून गाताही यावं आणि माळ्याच्या दारापाशीही पोचता यावं. बाजूच्या भिंतीवर मॉरिसचा चित्रकार मित्र बर्न-जोन्स याने रंगवलेली तीन चित्रं आहेत, मध्ययुगीन कथेतल्या लग्नाची. त्यातले वधू-वर म्हणजे जेन आणि मॉरिस. खालच्या जेवणाच्या खोलीतलं वेबने केलेलं गडद लाल रंगाचं भांड्यांचं उभं कपाटही चुकवू नका.

दोषही सांगायला हवा. मुख्य खोल्यांची तोंडं उत्तरेला आहेत. इंग्लंडमध्ये बसायची खोली उत्तरेकडे ठेवणं म्हणजे हिवाळाभर कुडकुडणं. ऊन मिळतं ते बोळांना. स्वयंपाकघर पश्चिमेला, म्हणजे दुपारी चुलीची आणि उन्हाची आंच एकदम. पहिल्या घरात आर्किटेक्टकडून असं होतं. वेबची पुढची घरं यातून शिकलेली आहेत, आणि सोनचाफांनी सांगितलेलं स्टँडन ऊब आणि उजेड या दोन्ही बाबतींत खूपच सरस आहे. मॉरिसचा आणखी एक चित्रकार मित्र रोझेटी याने मात्र एका पत्रात या घराला घरापेक्षा कविताच म्हटलं आणि लगेच पुढे राहायलाही उत्तम असल्याचं लिहिलं. तो पाहुणा म्हणून येत होता हे लक्षात ठेवायचं.

पाऊलवाट

चुनखडी ताई, किती मनापासून लिहिलंत! बाबांना फोनवर ते टोच्यांचं वाचून दाखवलं, तर लगेच म्हणाले, “गिलाव्यात केस घातले होते का विचार.” आता तेच जूनची वाट बघताहेत.

दोन शंका. एवढ्या हौसेने बांधलेलं घर मॉरिसने पाच वर्षांत का सोडलं? आणि ग्रेड वन आहे, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, मग सगळ्या भिंती पुन्हा मूळच्या रंगात रंगवून का टाकत नाहीत? सोनचाफांसारखे लोक निराश तरी होणार नाहीत.

चुनखडी

बाबांना सांगा, त्या काळी इकडे चुन्याच्या गिलाव्यात जनावराचे केस घालायची सर्रास रीत होती, विशेषतः लाकडी पट्ट्यांवरच्या छताला. केसांमुळे गिलावा धरून राहतो आणि तडे जात नाहीत. बरोबर प्रश्न विचारला त्यांनी.

सोडण्याचं कारण दुःखाचं आहे. बाजारात मनासारखं काही मिळेना म्हणून मॉरिस आणि मित्रांनी या घरासाठी टेबलं, पेले, मेणबत्तीचे स्टँड, भरतकाम असं सगळं स्वतःच करायला घेतलं. त्यातूनच एप्रिल १८६१ मध्ये त्यांची कंपनी निघाली, मॉरिस, मार्शल, फॉकनर अँड कंपनी. बागेतल्या गुलाबांच्या ताटीवरून मॉरिसने पहिला वॉलपेपर काढला, त्यातले पक्षी वेबचे. दोन्ही मुली याच घरात जन्मल्या. १८६४ मध्ये ठरलं की आणखी एक बाजू बांधून चौक पुरा करायचा आणि बर्न-जोन्स कुटुंबाने तिथे कायमचं राहायला यायचं. वेबने नकाशेही काढले. आणि त्याच वर्षी बर्न-जोन्सच्या मुलाला स्कार्लेट फीव्हर झाला, त्याच्याकडून तो आई जॉर्जियानाला लागला, दिवस भरण्याआधीच झालेलं तिचं बाळ तीन आठवड्यांत गेलं. बर्न-जोन्सने बेत सोडला. मॉरिस स्वतः संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला. खाणीचं उत्पन्नही घटत होतं, आणि रोज लंडनला जायचं तर ॲबी वुड स्टेशन तीन मैलांवर. १८६५ मध्ये तो बायको-मुलींना घेऊन लंडनला गेला आणि पुढे कधीही या घरात परतला नाही. चौकाची उरलेली बाजू आजही मोकळी आहे. त्या बाजूला उभं राहिलं की मला नेहमी गलबलून येतं.

आता रंगाचं. मॉरिस असतानाच सजावट पूर्ण झालेली नव्हती. दिवाणखान्यातल्या भिंती, खालच्या दालनातल्या कपाटावरची चित्रं, बरंच काही अर्धवट राहिलं. म्हणजे ‘मूळचं रूप’ म्हणून आपण जे रंगवू ते इथे कधी नव्हतंच. शिवाय हा मॉरिस तोच, ज्याने १८७७ मध्ये वेबसोबत जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचा आग्रह असा की जुन्या इमारतीची डागडुजी रोज करा, पण आपल्या कल्पनेतला जुना काळ तिच्यावर नव्याने चढवू नका. त्याच माणसाच्या घरात ते कसं करणार?

आणि न रंगवण्याचा एक फायदा २०१३ मध्ये दिसला. एका झोपायच्या खोलीत मोठं भिंतीतलं कपाट होतं, त्यामागे दोन पुसट आकृत्या असल्याचं माहीत होतं. नॅशनल ट्रस्टच्या लोकांनी वरचे कागद आणि रंगाचे थर हळूहळू काढले, तर अख्खी भिंत निघाली: बायबलमधले आदम, ईव्ह आणि साप, हातात नौका घेतलेला नोआ, रेचेल, शिडीसह याकोब. सगळं अशा बेताने रंगवलेलं की भिंतीवर कापडी पडदा टांगलाय असं वाटावं, चुण्यांसकट. अभ्यासकांच्या मते त्यात एकाहून अधिक हात आहेत: मॉरिस, बर्न-जोन्स, रोझेटी, एलिझाबेथ सिडल, मॅडॉक्स ब्राऊन. विसाव्या शतकात कुणी उत्साहाने ती खोली खरवडून ‘मॉरिस पद्धतीने’ सजवली असती तर हे सगळं गोणीत भरून गेलं असतं.

मधल्या काळाचं श्रेय मी एका माणसाला देते, टेड हॉलंबी. लंडन काउंटी कौन्सिलमध्ये सरकारी घरं बांधणारा हा आर्किटेक्ट. १९५२ मध्ये त्याने आणि पत्नी डोरिसने आणखी एका आर्किटेक्ट कुटुंबासोबत हे घर घेतलं. मुलाबाळांसह तिथे राहिले, जमेल तशी दुरुस्ती केली, आणि बघायला आलेल्यांना घर दाखवलं. १९९९ मध्ये हॉलंबी गेला, २००३ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. मधली पन्नास वर्षं कुणीतरी छपरावरचं सरकलेलं कौल वेळच्या वेळी बसवत होतं, म्हणून भिंतीवरची चित्रं ओल न लागता राहिली. संरक्षित दर्जा कागदावर असतो, पावसाचं पाणी अडवतं ते कौल.

फोर्टवाला

छान धागा. मी जेजेत शिकलो, त्यामुळे वर आलेली दोन नावं वाचून राहवलं नाही.

जॉर्जियाना बर्न-जोन्स, जिच्या आजारपणाने तो बेत मोडला, ती माहेरची मॅकडोनल्ड. तिची सख्खी बहीण ॲलिस. ॲलिसचं लग्न १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंगशी झालं आणि त्याच वर्षी दोघं मुंबईला आली, कारण लॉकवुडला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायची नोकरी मिळाली होती. म्हणजे मॉरिस रेड हाऊस सोडत होता त्याच वर्षी जॉर्जियानाची बहीण आपल्याकडे संसार मांडत होती. वर्षअखेरीस मुंबईतच रडयार्ड जन्मला. लॉकवुड जेजेत १८७५ पर्यंत होता. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरचे उठावशिल्पांचे फलक त्याचेच. फळं-भाज्या घ्यायला जाणाऱ्यांपैकी किती जण मान वर करतात कुणास ठाऊक, पण शेतकरी आणि हमालांच्या आकृत्या त्याने फार प्रेमाने केल्या आहेत.

दुसरं नाव स्ट्रीट. स्वतःचं ऑफिस काढण्याआधी तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटच्या हाताखाली काम करायचा. आणि आपल्या मुंबई विद्यापीठाचं सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे नकाशे स्कॉटचेच, तेही त्याने एकदाही मुंबईत पाऊल न ठेवता लंडनमधून पाठवलेले. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. एकाच घराण्याच्या दोन शाखा म्हणा. स्कॉटकडून मुंबईला आला तो नक्षीदार, उंच, शहराला दिपवणारा गॉथिक, आणि स्ट्रीटमार्गे वेबकडे गेला तो साधा, विटेचा, राहण्याजोगा. मला दोन्ही आवडतात, पण ओव्हल मैदानात वाढल्यामुळे माझं मन टॉवरकडेच झुकणार.

मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ मध्ये आली, भारतात पहिली. तिच्यातही ग्रेड एक, दोन, तीन आहेत. पाऊलवाट, बाबांना हे ओळखीचं असेल.

कोकणकडा

थोडं विषयांतर, पण चुनखडी ताईंना विचारल्याशिवाय राहवत नाही. आम्ही केंटमध्येच एक ग्रेड टू कॉटेज घ्यायचा विचार करतोय, विटेचं, साधारण १८५० च्या आसपासचं. मालक म्हणतात, सगळ्या विटांमधल्या दरजा (सांधे) नुकत्याच ताज्या भरून घेतल्यात, दिसतंही चकाचक. ग्रेड टू म्हणजे नियम सौम्य असतात ना? आतून काहीही बदल केले तर चालतं असं एकाने सांगितलं.

चुनखडी

ज्याने सांगितलं त्याचं अजिबात ऐकू नका. ग्रेड वन असो की टू, कायदा तोच. इंग्लंडमधल्या दहापैकी नऊ संरक्षित इमारती ग्रेड टूच आहेत. संरक्षण बाहेरच्या रूपापुरतं नसतं, आतला जिना, दारं, शेकोटी, गिलावा सगळं त्यात येतं, आणि घराच्या आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची बांधकामंही सहसा येतात. घराचं स्वरूप बदलणारं काहीही करायचं तर कौन्सिलची लेखी परवानगी लागते. ती न घेता केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. जसं आहे तसंच, त्याच मालाने दुरुस्त करायला सहसा परवानगी लागत नाही, तरी विचारून घ्यावं.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की आधीच्या मालकाने परवानगीशिवाय काही केलं असेल तर खटला तुमच्यावर होत नाही, पण ते पूर्ववत करायची नोटीस तुम्हाला येऊ शकते, आणि त्याला मुदतीचं बंधन नाही. वीस वर्षांनीही येऊ शकते. म्हणून खरेदीआधी वकिलाकडून जुन्या परवानग्यांचे कागद मागवा.

आता त्या चकाचक दरजा. १८५० ची वीट मऊ असते आणि चुन्यात बसवलेली असते. भिंतीत ओल शिरतेच, ती चुन्याच्या दरजेतून परत बाहेर पडते, दरज झिजते आणि वीट वाचते. त्यात सिमेंट भरलं की ओलीची वाट बंद होते, मग ती विटेतून बाहेर पडायला बघते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचा पापुद्रा सुटतो. एका गिऱ्हाईकाच्या घरात पुढच्या भिंतीच्या विटा मी हाताने पावडरीसारख्या झाडल्या आहेत, आणि मधल्या सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या जशाच्या तशा उभ्या होत्या. वीट एकदा अशी गेली की ती परत मिळत नाही, बदलावीच लागते.

ओळखायचं सोपं आहे, मालकाची परवानगी घेऊन करा. एखाद्या नजरेआडच्या कोपऱ्यात किल्लीचं टोक दरजेवर फिरवा. चुना असेल तर भुरभुरतो, रंग मलईसारखा किंवा पिवळसर असतो. सिमेंट करडं असतं, किल्ली घसरते आणि ओरखडासुद्धा धड उठत नाही. सिमेंट निघालं तर ते काढून पुन्हा चुना भरायचा खर्च एखाद्या जुन्या कामाच्या गवंड्याकडून लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. काढताना ग्राइंडर लावू देऊ नका, विटांच्या कडा जातात. छिन्नी-हातोडीने हळूहळू काढणारा माणूसच बघा, आणि हे काम दंव पडायच्या आधी, सप्टेंबरपर्यंत उरकेल असं बघा. चुन्याला सुकायला वेळ लागतो.